खेळाचें हत्यार कसें पारखावें

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, व बहुधा ती खरीहि ठरते. परंतु केव्हां केव्हां अंगणच खरोखर वांकडें असतें आणि नाचणारास उगाच बोल लागतो. असा एक प्रसंग दिवाळीच्या सुटींत रोहणा येथें एका परिचितांच्या घरीं आमच्या पाहण्यांत आला. जुने संगणकीय खेळ खेळण्यासाठीं त्या घरीं एक लहानसा संगणक टीव्हीस जोडलेला होता व दोघे भाऊ त्यावर खेळत होते. थोरला दर डावास जिंके, धाकटा दर डावास हरे. आणि वडील माणसें “ह्याचें लक्षच नसतें, अभ्यासांतहि असेंच,” असें म्हणून मोकळीं होत. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलेलें पाहून आम्हीं दोघांच्या हातांतील कंट्रोलरांची अदलाबदल करविली. पुढचे तीनहि डाव थोरला हरला! पाहतों तों धाकट्याच्या कंट्रोलरवर ‘वर’ दाबलें असतां खेळांतील गडी सरळ वर न जातां तिरपा जात होता. दोष हाताचा नव्हता, हत्याराचा होता. आणि त्या हत्यारापायीं एक मूल स्वतःस मंदबुद्धि समजूं लागलें होतें. म्हणून हें हत्यार कसें पारखून घ्यावें, हें विद्यार्थ्यांस व पालकांस समजावून सांगण्याचें आम्हीं मनांत आणिलें.

प्रथम संगणकाविषयीं दोन शब्द. रास्पबेरी पाय या नांवाचा लहानसा संगणक मुलांस आज्ञावली लिहिण्याची गोडी लागावी या हेतूनें इंग्लंडांत केंब्रिज येथें निर्माण झाला व २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं विक्रीस आला. त्याचा आकार साधारण पत्त्याच्या पानाएवढा असतो. रेट्रोपायसारखी विनामूल्य मिळणारी आज्ञावली त्यांत भरली म्हणजे तो चाळीस वर्षांपूर्वींच्या खेळयंत्रांचीं हुबेहूब सोंगें घेऊं शकतो. आपल्या गांवीं येणारा बहुरूपी सकाळीं फौजदार होतो आणि सायंकाळीं संन्यासी होतो. हा संगणकहि तसाच घटकेंत एक यंत्र तर घटकेंत दुसरें होतो. मात्र सोंग कितीहि बदललें तरी खेळणाराच्या हातांतील कंट्रोलर तोच राहतो. म्हणूनच त्याची निवड महत्त्वाची आहे. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुना झाला म्हणून खेळ बेवारशी होत नाहीं. त्याचा हक्क बहुधा कोणाकडे तरी असतोच. तेव्हां कर्त्यानें मुक्तपणें दिलेले अथवा रीतसर विकत घेतलेले खेळच खेळावे. चोरून आणलेल्या खेळाची गोडी आमच्या विद्यार्थ्यांस लागूं नये.

आतां कंट्रोलर आजच्या रूपास कसा आला तें पाहूं. १९७७ सालच्या अटारी यंत्रास एक उभा दांडा व एकच बटण असे. पुढें १९८२ सालीं निन्टेंडो कंपनीतील जपानी कल्पक गुनपेई योकोई यांनीं खिशांत मावणाऱ्या एका खेळासाठीं दांड्याऐवजीं अधिकचिन्हासारखा चपटा फुलीचा खटका योजिला. तो अंगठ्याखालीं बसतो आणि त्यास जागाहि थोडी लागते. १९८३ च्या फॅमिकॉम यंत्रांत ही फुली डाव्या हातास व दोन बटणें उजव्या हातास आलीं. १९९० च्या सुपर फॅमिकॉममध्यें बटणांची संख्या चार झाली व वरच्या कडेस, खांद्यापाशीं असावीं तशीं, आणखी दोन बटणें आलीं. खोली दाखविणारे खेळ निघाले तेव्हां फुली अपुरी पडूं लागली. म्हणून १९९६ च्या निन्टेंडो ६४ यंत्रांत कमीअधिक ढकलतां येणारी लहान कांडी आली, व १९९७ मध्यें सोनीच्या प्लेस्टेशनसाठीं अशा दोन कांड्यांचा कंट्रोलर निघाला. हा क्रम ध्यानांत ठेविला म्हणजे निवडीचें अर्धें काम झालें. कारण प्रत्येक खेळ आपल्या काळच्या हत्यारासाठीं रचलेला असतो.

हत्यार पसंत करण्यापूर्वीं अटी ठरवाव्या, हा धडा आमच्या वर्धा जिल्ह्यास नवा नाहीं. गांधीजी १९३६ सालीं सेवाग्रामास राहावयास आले. त्याच्या पूर्वींच, १९२९ सालीं, अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें होतें. चरखा खेड्यांतील झोंपडींत चालावा, स्त्रीला फार श्रम न होतां आठ तास चालवितां यावा, त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, आणि किरकोळ दुरुस्तीवर तो वीस वर्षें टिकावा, अशा त्याच्या अटी होत्या. तें बक्षीस कोणासहि मिळालें नाहीं. परंतु यंत्राच्या चकाकीकडे न पाहतां वापरणाराच्या हाताकडे, घराकडे व मिळकतीकडे पाहून अटी घालण्याची ती रीत आजहि अनुकरणीय आहे. कंट्रोलर घेतांनाहि आपण तिचाच अवलंब करूं.

पहिली अट खेळाची. घरांत मुख्यतः १९८० ते १९९५ या काळांतील सपाट खेळ खेळले जाणार असतील, तर चांगली फुली, चार बटणें व खांद्याचीं दोन बटणें एवढें पुरतें. पुढच्या काळांतील खेळ हवे असतील, तरच दोन कांड्यांचा कंट्रोलर घ्यावा. सर्व काळांसाठीं एकच घ्यावयाचा असल्यास कांड्या असाव्या, पण फुली वरच्या अंगास, डाव्या अंगठ्याच्या सहज मार्गांत असावी. जत्रेंतल्या किंवा शहरांतल्या मोठ्या खेळपेटीसारखा दांडा हवा असल्यास त्याच्या दिशा विचाराव्या. १९८० सालचा पॅकमॅन हा खेळ चार दिशांच्या दांड्यासाठीं होता. आठ दिशांच्या दांड्यावर वळणापाशीं तिरपा धक्का लागून गडी अडखळतो.

दुसरी अट सरळपणाची. ‘वर’ दाबून ठेवावें आणि अंगठा किंचित् डावीउजवीकडे डुलवावा. एवढ्यानेंच गडी तिरपा जाऊं लागला, तर तो कंट्रोलर घेऊं नये. उलटपक्षीं, मुद्दाम तिरपें दाबलें असतां तिरपें उमटलें पाहिजे. दुकानदाराच्या कोणत्याहि संगणकावर ही परीक्षा पांच मिनिटांत होते. रोहण्याच्या त्या धाकट्या मुलाचें दुःख या पांच मिनिटांत टळलें असतें.

तिसरी अट तत्परतेची. टीव्हीवरील खेळाचें चित्र बहुधा सेकंदास ६० वेळां बदलतें. म्हणजे एक चित्र सुमारें १७ मिलिसेकंद टिकतें. बटण दाबणें व गड्यानें उडी मारणें यांत अशीं कित्येक चित्रें निघून गेलीं, तर चपळ मूलहि खड्ड्यांत पडतें. यूएसबी तारेचा कंट्रोलर साधारणतः तत्पर व भरवशाचा असतो, त्यास बॅटरी लागत नाहीं, आणि तो स्वस्तहि पडतो. बिनतारी कंट्रोलर दोन प्रकारचे. एकाबरोबर संगणकांत खोंवण्याची लहान खुंटी येते. दुसरा ब्लूटूथवर चालतो. रास्पबेरी पायमध्यें ब्लूटूथची सोय २०१६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अंगचीच आहे; त्यापूर्वींच्या संगणकांस ती निराळी जोडावी लागते. ब्लूटूथचा विलंब कंट्रोलरागणिक वेगळा असतो, म्हणून प्रत्यक्ष खेळून पाहिल्यावांचून त्यावर पैसे खर्चूं नयेत. तथापि विलंबाचा सर्व दोष कंट्रोलरवर लादणेंहि अन्यायाचें होय. पुष्कळ टीव्ही चित्र अधिक सुंदर करण्यांत वेळ घालवितात. टीव्हीच्या मांडणींत ‘गेम मोड’ असल्यास तो आधीं चालू करावा आणि मग निवाडा करावा.

चौथी अट बोलीची. प्रत्येक कंट्रोलर संगणकाशीं कोणत्या तरी एका बोलींत बोलतो. कांहीं कंट्रोलरांवर ‘एक्स’ व ‘डी’ असा सरकता खटका असतो; त्या दोन बोलीच होत. कंट्रोलर ओळखला गेला नाहीं, तर तो बिघडला असें न समजतां खटका सरकवून पुन्हां जोडावा. रेट्रोपायमध्यें कोणतेंहि बटण दाबून धरलें म्हणजे तो एकेका बटणाचें नांव विचारूं लागतो. तेथें घाई करूं नये. एक उत्तर चुकलें तर पुढें सर्व खेळांत तें बटण चुकतें.

याच संबंधांत अक्षरांचा एक घोटाळा सांगण्यासारखा आहे. निन्टेंडोच्या रीतींत ‘ए’ हें बटण उजवीकडे व ‘बी’ खालीं असतें. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या रीतींत ‘ए’ खालीं व ‘बी’ उजवीकडे असतें. ‘एक्स’ आणि ‘वाय’ यांचीहि अशीच उलटापालट आहे. पडद्यावर ‘ए दाबा’ असें येतें, मूल दाबतें, आणि भलतेंच घडतें. म्हणून नांव सांगतांना अक्षरावर न जातां बटणाच्या जागेवर जावें, आणि घरांत दोन कंट्रोलर असतील तर ते एकाच रीतीचे असावे.

पांचवी अट हाताची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत मोठी. दहा वर्षांच्या मुलाचा तळहात व त्याच्या वडिलांचा तळहात एक नव्हे. मोठा जड कंट्रोलर लहान हातांत अर्ध्या तासांत मनगट दुखवितो. ज्याच्यासाठीं घ्यावयाचा त्यासच दुकानांत बरोबर न्यावें, आणि दोन्ही अंगठे न ताणतां सर्व बटणांवर पोंचतात कीं नाहीं हें पाहावें. ज्या मुलाचा एक हात अधू आहे, त्यास खेळांतून वगळूं नये. बटणांच्या जागा आज्ञावलींतून बदलतां येतात व उडीचें बटण चांगल्या हाताकडे देतां येतें. २०१८ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें अशा खेळाडूंसाठींच एक कंट्रोलर काढला. त्यावर दोन मोठ्या थाळ्या आहेत व मागील बाजूस बाहेरचे खटके जोडण्यासाठीं एकोणीस लहान भोंकें आहेत, म्हणजे पायानें, कोंपरानें किंवा हनुवटीनेंहि खेळतां यावें. तो महाग आहे व प्रत्येक घरीं असण्याचें कारण नाहीं. परंतु मनुष्यानें यंत्राच्या मापास न उतरतां यंत्रानें मनुष्याच्या मापास उतरावें, हा त्यांतील विचार मात्र प्रत्येक घरीं असावा.

सहावी अट टिकाऊपणाची. बटणांखालीं रबराची टोपी असते व ती दाबली म्हणजे विद्युन्मार्ग पुरा होतो. विदर्भाच्या उन्हाळ्यांतील घाम व धूळ तेथें सांचली कीं बटण अडतें; म्हणून खेळण्यापूर्वीं हात धुवावे, आणि खेळतांना तेलकट चिवडा खाऊं नये. कांड्यांच्या आंत बहुधा घासून झिजणारे भाग असतात; ते झिजले म्हणजे हात न लावतां गडी आपोआप एका बाजूस सरकूं लागतो. कांहीं नवीन कंट्रोलरांत त्याऐवजीं चुंबकावर चालणारी योजना असते. तिचें मूळ एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं लाविलेल्या शोधांत आहे; तिच्यांत मोजणारे भाग एकमेकांस घासत नाहींत, त्यामुळें अशी कांडी अधिक टिकते.

पुष्कळ घरांतून १९९० नंतरच्या दशकांतील टीव्ही-गेम माळ्यावर पडलेला असेल. त्याच्या कंट्रोलरास लोक सर्रास ‘रिमोट’ म्हणत. तो टाकाऊ समजूं नये, पण त्याची नऊ टांचण्यांची जोडणी या संगणकास सरळ बसत नाहीं. संगणकाच्या उघड्या टांचण्यांस तारा जोडण्याचा मोह मुलांस होतो. त्या टांचण्या ३.३ व्होल्टांच्या आहेत. तेथें ५ व्होल्ट गेले तर संगणक कायमचा निकामी होण्याचें भय आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून तो प्रयोग करूं नये.

एकंदरींत, ज्या घरांत पैसा बेतानें खर्चावा लागतो त्या घरीं एक महाग व एक टाकाऊ कंट्रोलर घेण्यापेक्षां साधे, तारेचे, एकसारखे दोन घ्यावे, व त्यांतील चांगला कोणता असा प्रश्न उरला तर तो धाकट्यास द्यावा. त्या घरीं शेवटीं तसेच दोन आले. आतां धाकटा कधीं जिंकतो, कधीं हरतो. आणि हरला तरी रडत नाहीं, कारण डाव बरोबरीचा होता हें तो जाणतो.

पालकांस आमची विनंति एवढीच. मूल गणितांत अडलें, वाचनांत मागें पडलें, अथवा फळ्याकडे पाहून डोळे बारीक करूं लागलें, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं त्याच्या हातांतील साधन, डोळ्यावरील चष्मा व बसण्याची जागा एकदां तपासून पाहावी. अंगण सरळ आहे अशी खात्री झाल्यावरच नाचणारास बोल लावावा.