भगिनी अर्धगुणसूत्रांची जोडणी व विभक्ती

भगिनी अर्धगुणसूत्रे म्हणजे एकाच गुणसूत्राच्या प्रतिकृतीकरणातून निर्माण झालेल्या व एकमेकींशी जोडलेल्या दोन समान प्रती होत. पेशीविभाजनात प्रत्येक जन्यपेशीला यांपैकी एकच प्रत मिळावी लागते. त्यासाठी दोन्ही प्रती योग्य क्षणापर्यंत जोडलेल्या राहणे आणि त्या क्षणी पूर्णपणे विलग होणे आवश्यक असते. मानवी कायिक पेशीत ४६ गुणसूत्रे असल्याने सूत्री विभाजनात ९२ अर्धगुणसूत्रांची वाटणी व्हावयाची असते.

जोडणी

ही जोडणी कोहेसिन नावाचा वलयाकार प्रथिनसमूह करतो. एसएमसी१ व एसएमसी३ ही दोन लांब प्रथिने आणि त्यांना सांधणारे आरएडी२१ हे या वलयाचे मुख्य घटक होत. दोन्ही डीएनए रेणू या वलयात ओवले जातात, असे मानले जाते. १९९७ मध्ये किम नास्मिथ व डग्लस कोशलँड यांच्या प्रयोगशाळांनी यीस्टवरील संशोधनातून या प्रथिनांचे कार्य प्रकाशात आणले.

डीएनएचे प्रतिकृतीकरण चालू असतानाच प्रती जोडल्या जातात. त्यामुळे कोणती प्रत कोणाची जोडीदार हे पेशीला नंतर शोधावे लागत नाही.

मध्यावस्थेत तुर्कतंतू दोन्ही प्रतींना विरुद्ध ध्रुवांकडे ओढतात. कोहेसिन त्यांना धरून ठेवत असल्याने गुणसूत्रबिंदूपाशी ताण निर्माण होतो. तंतू योग्य रीतीने जोडले गेल्याची हीच खूण होय. ताण नसलेली जोडणी सुटते व पुन्हा केली जाते.

विभक्ती

पृष्ठवंशी प्राण्यांत पूर्वावस्थेतच गुणसूत्राच्या भुजांवरील बहुतेक कोहेसिन निघून जाते. गुणसूत्रबिंदूपाशी असलेल्या कोहेसिनचे रक्षण शुगोशिन हे प्रथिन करते. जपानी भाषेत या नावाचा अर्थ ‘रक्षक देवता’ असा आहे.

उरलेले कोहेसिन सेपरेज हे विकर तोडते. तोपर्यंत सिक्युरिन हे प्रथिन त्याला निष्क्रिय ठेवते. एकही गुणसूत्र तंतूंशी जोडावयाचे राहिले असेल, तर तेथून निघणारा संकेत विभाजन थांबवून धरतो. सर्व गुणसूत्रे जोडली गेल्यावर एपीसी या प्रथिनसमूहामुळे सिक्युरिनचा नाश घडून येतो. मुक्त झालेले सेपरेज आरएडी२१ला छेद देते, वलये उघडतात आणि पश्चावस्था सुरू होते. तुटलेले वलय पुन्हा सांधता येत नसल्याने ही क्रिया अपरिवर्तनीय असते.

महत्त्व

अर्धगुणसूत्री विभाजनात आरएडी२१ऐवजी मुख्यतः आरईसी८ हे प्रथिन असते. पहिल्या विभाजनात ते भुजांवर तुटते, तर गुणसूत्रबिंदूपाशी दुसऱ्या विभाजनापर्यंत टिकते. स्त्रीच्या अंडपेशींतील ही जोडणी तिच्या जन्मापूर्वीच झालेली असते व ती अनेक दशके टिकावी लागते. वयानुसार कोहेसिन क्षीण झाल्यास गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते. मातेचे वय वाढते तसा अपत्यात डाऊन सिंड्रोमचा संभव वाढतो, त्यामागील हे एक प्रमुख कारण मानले जाते. या विकारात बहुधा २१व्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते.