आधी पुठ्ठ्यावर खेळा, मग प्लाय कापा



घरी बनवलेल्या आर्केड मशीनचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, तीन-चार जण एकत्र खेळतील असं कंट्रोल पॅनल कसं करायचं?" सांगतो. पण आधी माझी फजिती ऐका.

पहिलं मशीन मी दुकानामागच्या खोलीत बनवलं. विचार साधा होता, वाढदिवसाला आणि सोसायटीच्या कार्यक्रमाला भाड्याने द्यायचं. चार जॉयस्टिक, प्रत्येकाला सहा बटणं, मधे ट्रॅकबॉल. जे मिळालं ते बसवलं. पॅनल एकदम विमानाच्या कॉकपिटसारखं दिसत होतं! पहिल्याच वाढदिवसाला डाव्या टोकाचा आठेक वर्षांचा मुलगा पाच मिनिटांत बाजूला झाला. म्हणाला, "काका, माझा खराब आहे." मी तपासलं, तर जॉयस्टिक ठणठणीत. खराब होतं ते माझं डिझाइन. यजमानांनी ठरलेले अर्धेच पैसे दिले आणि मला वाद घालायला तोंड नव्हतं. नंतर ते पॅनल आख्खं उचकटून टाकलं. प्लाय, सनमायका, सुताराची मजुरी, सगळं पाण्यात गेलं.

त्या नुकसानीतून जे शिकलो ते तुम्हाला फुकट देतोय.

१. आधी गेम ठरवा, बटणं नंतर

लहानपणी पार्लरमध्ये आपण ज्याला "मुस्तफा" म्हणायचो तो गेम आठवतो? खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. तिघे एकत्र खेळायचे आणि प्रत्येकाला बटणं दोनच, मारायचं आणि उडी मारायची. कोनामीचा १९८९ चा टर्टल्स गेम चौघांचा, त्यातही बटणं दोनच. उलट १९९१ चा स्ट्रीट फायटर टू दोघांचा, पण प्रत्येकाला सहा बटणं.

गंमत कळली का? या गेम्समध्ये माणसं वाढली तशी बटणं कमी झाली. मी मात्र चौघांना सहा-सहा दिली होती. मुलांचे हात चुकीच्या बटणावर पडायचे आणि काहीच व्हायचं नाही. बीबीएला ग्राहकाची गरज ओळखा हे पाठ केलं होतं, समजलं त्या दिवशी.

आणि हो, पैसे घेऊन मशीन चालवणार असाल तर नेटवरून उतरवलेले जुने गेम लावू नका. त्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात. व्यावसायिक वापराचा परवाना घ्या, किंवा एखाद्या छोट्या गेम डेव्हलपरकडून लेखी परवानगी घ्या. मी तेच करतो.

२. "वर" म्हणजे स्क्रीनकडे

त्या मुलाचं दुखणं हेच होतं. कडेचा खेळाडू तिरका उभा राहतो म्हणून मी त्याची जॉयस्टिकही तिरकी बसवली. पण खेळणाऱ्याचे डोळे स्क्रीनवर असतात. तो स्क्रीनच्या दिशेने ढकलणार आणि पडद्यावरचा माणूस कोपऱ्याकडे पळणार! म्हणून बटणांची ओळ हवी तर थोडी तिरकी करा, पण सगळ्या जॉयस्टिकचं "वर" सरळ स्क्रीनकडेच ठेवा.

३. खांदे मोजा

मोठ्या माणसाला आरामात खेळायला साधारण १८ इंच रुंदी लागते, मुलांचं १४ इंचांत भागतं. चार मोठी माणसं म्हणजे सहा फूट झाले. तेवढं पॅनल तुमच्या टेम्पोत बसेल का, लिफ्टमध्ये जाईल का? माझं आताचं मशीन तिघांचं आहे, ४५ इंच रुंद. दारातून आत जातं, हे महत्त्वाचं!

स्टार्टची बटणं वरच्या कडेला, तळहात पोहोचणार नाही अशी लावा. गेम बंद करायचं बटण तर समोर नकोच. एकाने चुकून दाबलं की तिघांचा खेळ जातो आणि भांडण तुम्ही सोडवत बसता.

४. वायरिंगमध्ये काटकसर नको

बरेच जण जुना कीबोर्ड उघडून त्याच्या सर्किटला बटणं जोडतात. एकट्यासाठी चालून जातं. पण साध्या कीबोर्डमध्ये कळांच्या वायरी आडव्या-उभ्या जाळीत असतात, त्यामुळे एकाच वेळी बरीच बटणं दाबली की काही नोंदवलीच जात नाहीत. तिघे जोरात खेळताना नेमकं तेच होतं. त्यापेक्षा प्रत्येक खेळाडूला वेगळा यूएसबी एन्कोडर द्या. मात्र तीनही सारखेच असले तर मशीन बंद-चालू केल्यावर पहिला खेळाडू तिसरा होऊ शकतो. म्हणून कार्यक्रमाच्या ठिकाणी मशीन चालू केल्यावर आधी प्रत्येक जॉयस्टिक हलवून बघा.

साखळीसारखी एका बटणावरून दुसऱ्यावर नेलेली ग्राउंडची वायर असेल, तर तिचं शेवटचं टोक परत सुरुवातीला आणून जोडा. मग मधे एक जोड सुटला तरी पुढची सगळी बटणं बंद पडत नाहीत.

५. पुठ्ठ्याची परीक्षा

आता मी प्लायला हात लावण्याआधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पॅनलच्या मापात कापतो. भोकं पाडून बटणं आणि जॉयस्टिक बसवतो आणि तो टेबलावर ठेवून शेजारच्या पोरांना खेळायला बोलावतो. मी गप्प उभा राहतो, काही समजावून सांगत नाही. कोणाचं कोपर कोणाला लागतंय, कोण बटण शोधतोय, सगळं दिसतं. पुठ्ठ्यावरची चूक रद्दीच्या भावात सुटते, प्लायवरची हजारात जाते.

आणि हे फक्त आर्केडचं नाही. तुम्ही टिफिन सुरू करा, बुटीक काढा, पहिली वस्तू पुठ्ठ्याचीच असू द्या.

आजचं काम: मशीनवर लावायच्या पाच गेम्सची यादी करा, प्रत्येकापुढे खेळाडू आणि बटणं लिहा. सगळ्यात मोठे दोन आकडे हेच तुमचं पॅनल. त्याच्यावर एकही बटण वाढवायचा मोह झाला, तर माझ्या डाव्या टोकाच्या त्या मुलाला आठवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!