विश्लेषण : अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी धमन्या मोकळ्या राहतात का?

औषधाच्या दुकानात ‘अँटिऑक्सिडंट’ असे ठळक छापलेल्या कॅप्सूल चिठ्ठीशिवाय सहज मिळतात. त्यांत जीवनसत्त्व ई, जीवनसत्त्व सी, बीटा कॅरोटीन असे घटक असतात. रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले आणि डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी लिहून दिली की अनेकांना ‘आयुष्यभर गोळी’ या कल्पनेचीच धास्ती वाटते. मग ‘नैसर्गिक’ म्हणून या कॅप्सूल जवळच्या वाटतात. या समजुतीमागे एकेकाळी गंभीर संशोधन होते, पण हजारो रुग्णांवरील चाचण्यांत ती टिकली नाही. नेमके काय घडले, याचा हा आढावा.

कोलेस्टेरॉल धमनीत साचते कसे?

कोलेस्टेरॉल शरीराला लागतेच. पेशींची आवरणे, काही हार्मोन आणि पित्तातील आम्ले त्यापासून तयार होतात. ते पाण्यात विरघळत नसल्याने प्रथिनांसह बांधलेल्या सूक्ष्म कणांतून रक्तात फिरते. त्यातील एलडीएल कण, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, रक्तातून काढून घेण्याचे मोठे काम यकृत करते. त्यासाठी पेशींवर असणाऱ्या ग्राहींचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळाले.

रक्तात एलडीएल जास्त काळ जास्त राहिले की त्याचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात. त्यांना हटवण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी ते गिळत सुटतात आणि मेदाने फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. हा थर वर्षानुवर्षे वाढतो. तो अचानक फुटला तर तेथे रक्ताची गुठळी होते. हृदयाच्या धमनीत असे झाले तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तर पक्षाघात होतो.

अँटिऑक्सिडंटचा संबंध कुठून आला?

प्रयोगशाळेत एक कोडे समोर आले होते. साधे, न बदललेले एलडीएल या पांढऱ्या पेशी फारसे गिळत नव्हत्या. म्हणजे धमनीच्या भिंतीत अडकल्यावर त्यात काही बदल होत असला पाहिजे. अमेरिकी संशोधक डॅनियल स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले उत्तर होते ऑक्सिडीकरण. उघडे राहिलेले तेल हवेतील ऑक्सिजनने खवट होते, तसेच काहीसे एलडीएलमधील मेदाचे होते आणि असे ‘खवट’ एलडीएल पांढऱ्या पेशी अधाशीपणे गिळतात. १९८९ मध्ये त्यांनी हा सिद्धान्त सविस्तर मांडला.

पुढची पायरी सरळ दिसत होती. खवटपणा रोखणाऱ्या पदार्थांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. जीवनसत्त्व ई तर मेदात विरघळते आणि एलडीएलच्या कणातच असते. आनुवंशिक दोषामुळे कोलेस्टेरॉल वाढलेल्या सशांमध्ये प्रोबुकोल या अँटिऑक्सिडंट गुण असलेल्या औषधाने धमन्यांतील थर कमी झाल्याचेही दिसले होते.

आशा वाढली कशामुळे?

१९९३ मध्ये अमेरिकेतील ८७ हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जीवनसत्त्व ईच्या गोळ्या दोन वर्षांहून अधिक काळ घेणाऱ्या महिलांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बरेच कमी होते. पण ही पाहणी होती, चाचणी नव्हे. जी व्यक्ती स्वतःहून जीवनसत्त्वे घेते, ती बहुधा व्यायामही करते, धूम्रपान टाळते, वेळेवर तपासण्या करून घेते. फायदा गोळीचा की या सवयींचा, हे पाहणीतून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लोकांचे दोन गट करून एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी द्यावी लागते.

चाचण्यांत काय दिसले?

पहिला धक्का फिनलंडमधून बसला. तेथे २९,१३३ पुरुष धूम्रपानकर्त्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच एका चाचणीतही तोच धोका दिसल्याने ती १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली.

हृदयविकाराबाबतचा मोठा निकाल २००० मध्ये ‘होप’ चाचणीतून आला. केरळमध्ये जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ९,५४१ रुग्णांवर ती झाली. सरासरी साडेचार वर्षे जीवनसत्त्व ई घेऊनही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यामुळे होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. पुढील पाठपुराव्यात तर या गटात हृदय निकामी होण्याचे प्रमाण काहीसे अधिक दिसले.

एकाच चाचणीत दोन उत्तरे कशी मिळाली?

सर्वांत स्पष्ट निकाल ब्रिटनच्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’चा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत हृदयविकार, धमन्यांचे अन्य विकार किंवा मधुमेह असलेले २०,५३६ जण होते. त्यांच्यावर पाच वर्षे दोन प्रश्न एकाच वेळी तपासले गेले : जीवनसत्त्व ई, सी आणि बीटा कॅरोटीन यांचा फायदा होतो का आणि सिम्व्हास्टॅटिन या स्टॅटिनचा होतो का.

जीवनसत्त्वे घेणाऱ्या गटात २,३०६ जणांना झटका, पक्षाघात किंवा धमन्यांवरील शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. न घेणाऱ्यांत हा आकडा २,३१२ होता, म्हणजे फरक जवळपास शून्य. गोळ्या शरीरात पोहोचल्याच नाहीत, असेही नव्हते. रक्तातील जीवनसत्त्व ईचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले होते. त्याच लोकांमध्ये स्टॅटिन घेणाऱ्यांत अशा घटना २,०३३, तर न घेणाऱ्यांत २,५८५ घडल्या. मृत्यूही १४.७ टक्क्यांवरून १२.९ टक्क्यांवर आले.

मग सिद्धान्त चुकीचा होता का?

पूर्णपणे नाही. ऑक्सिडीकरण झालेले एलडीएल धमन्यांतील थरांत प्रत्यक्ष सापडते. पण धमनीच्या भिंतीत घडणारी ही प्रक्रिया जीवनसत्त्वाची गोळी घेऊन थांबते, हे सिद्ध झाले नाही. आणि भिंतीत शिरणारे एलडीएलच कमी केले, तर खवट व्हायला उरते कमी. स्टॅटिनपेक्षा वेगळ्या पद्धतीने एलडीएल कमी करणाऱ्या औषधांनीही झटके कमी झाल्याचे नंतरच्या चाचण्यांत दिसले. त्यामुळे एलडीएल कमी करणे हाच मुख्य मुद्दा असल्याचे अधिक पक्के झाले.

फळे, भाज्या, आवळा यांचे काय?

फळे-भाज्या खायच्याच. भारतासह ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात रोज फळे-भाज्या खाणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण कमी आढळले. मात्र पालेभाजी किंवा आवळा म्हणजे केवळ अँटिऑक्सिडंट नव्हे. त्यांत तंतू, पोटॅशियम आणि इतर अनेक घटक असतात. शिवाय त्या ताटात आल्या की तळलेले पदार्थ आपोआप कमी होतात. त्यातील एक घटक वेगळा काढून कॅप्सूलमध्ये भरला म्हणजे तोच फायदा मिळेल, असे नाही.

वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

अमेरिकेच्या आरोग्य प्रतिबंध कृती दलाने २०२२ मध्ये हृदयविकार वा कर्करोग टाळण्यासाठी जीवनसत्त्व ई आणि बीटा कॅरोटीन घेऊ नये, अशी शिफारस केली. रक्त पातळ करणारे वॉरफरीन सुरू असेल, तर जास्त मात्रेतील जीवनसत्त्व ईमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अशा कॅप्सूल सुरू असतील, तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

स्टॅटिनचेही काही दुष्परिणाम आहेत. काहींना स्नायुदुखी होते, काहींची रक्तशर्करा किंचित वाढते. तसे झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. प्रत्येकाला स्टॅटिन लागतेच असेही नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि घरातील हृदयविकाराचा इतिहास पाहून ते ठरते. मात्र डॉक्टरांनी गरज सांगितली असेल, तर त्या गोळीच्या जागी अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल घेणे धोक्याचे आहे. वाढलेले एलडीएल दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे उपचार सुरू असल्याचे समाधान मिळते आणि धमनीतील थर मात्र वाढतच राहतो.