ए.सी.चं बिल आणि देशाचा शब्द

मे महिन्याचं विजेचं बिल आलं आणि शेजारच्या वहिनी ते हातात घेऊन तश्शाच आमच्या दारात उभ्या राहिल्या. "अहो, आमचं मीटर तर बिघडलं नाही ना?" मीटर ठीक होतं, बिघडला होता तो उन्हाळा. दोन खोल्यांत दोन ए.सी., शिवाय मुलीचा अभ्यास म्हणून दुपारीही एक चालू. खारघरमध्ये असं घर शोधायला आता लांब जावं लागत नाही. इथं आधी राहायला आलेल्या बायका सांगतात, डोंगरावरून असा वारा यायचा की पहाटे पंखासुद्धा बंद करावा लागे.

ए.सी. म्हणजे चैन, असं म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही. 16 एप्रिल 2023 ची दुपार खारघरकर विसरलेले नाहीत. महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभाला लाखो माणसं इथल्या उघड्या मैदानावर उन्हात बसली होती. उष्माघातानं 14 जणांचा बळी गेला. त्याचा सगळा दोष हवामानबदलावर ढकलता येणार नाही. सावली, पाणी, कार्यक्रमाची वेळ हे माणसांच्या हातातले प्रश्न होते. पण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नाही आणि 38 अंशसुद्धा जिवावर बेतू शकतात, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

आणि इथंच गाठ बसते. उकडतं म्हणून आपण ए.सी. लावतो, त्याची वीज मुख्यतः कोळसा जाळून येते, आणि त्या धुरातला कर्बवायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा पसरून आणखी उकडवतो.

वहिनींना हिशेब करून दाखवला. एक ए.सी. रात्री आठ तास चालला आणि तासाला साधारण एक युनिट धरलं, तर महिन्याला 240 युनिटं. आपल्या देशात एका युनिटामागे सरासरी 0.7 किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे झाले 168 किलो. आता स्वयंपाकाचा 14.2 किलोचा सिलिंडर घ्या. तो पूर्ण जळला की साधारण 42 किलो कर्बवायू होतो. थोडक्यात, एका खोलीतला ए.सी. महिन्याला चार सिलिंडर जाळतो! वहिनी म्हणाल्या, "आणि मी मेली दूध उतू गेलं की गॅस वाया गेला म्हणून हळहळते."

मग त्यांनीच नेमका प्रश्न काढला. "पण हे सगळं आपणच का सोसायचं? अमेरिकेतली माझी नणंद तर कपडेसुद्धा यंत्रात वाळवते!"

प्रश्न रास्त आहे, बरं का. चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ कर्बवायू सोडण्यात भारताचा तिसरा नंबर लागतो हे खरं. पण माणशी पाहिलं तर आपल्याकडे वर्षाला साधारण दोन टन आणि अमेरिकेत चौदाच्या आसपास. घरात माणसं जास्त म्हणून पिठाचा डबा मोठा, असा हा प्रकार. म्हणूनच भारतानं जगाला दिलेला शब्द वेगळ्या भाषेतला आहे. 2015 साली पॅरिस कराराच्या वेळी आपण म्हटलं की 2005 च्या मानानं 2030 पर्यंत उत्पन्नाच्या दर रुपयामागचा धूर 33 ते 35 टक्क्यांनी उतरवू. 2022 साली तो आकडा 45 वर नेला. यात एकूण धूर कमी करण्याचं वचन नाही. पगार वाढला की खर्च वाढतो, पण शहाणी गृहिणी दर शंभर रुपयांतले पूर्वीपेक्षा कमी उडवते, तसं हे आहे. 2005 ते 2020 या काळात 36 टक्के घट झाल्याचं सरकारनं संयुक्त राष्ट्रांना कळवलं आहे. हवेत जाईल तितकाच कर्बवायू परत शोषला जाईल, ते निव्वळ शून्य मात्र 2070 साली. ते नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर झालं.

दुसरा शब्द वीजकेंद्रांचा. 2030 पर्यंत निम्मी क्षमता कोळसा-तेलाविना उभी करायची होती. ती 2025 मध्येच झाली. ऐकायला फार छान! पण क्षमता म्हणजे मांडणीवरचे डबे, आतलं धान्य नव्हे. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, मिक्सर, ए.सी. सुरू होतात. प्रत्यक्ष विजेतला मोठा वाटा अजून चंद्रपूरसारख्या कोळशाच्या केंद्रांतूनच येतो.

माणशी दोन टनांच्या सरासरीआड लपायलाही मला संकोच वाटतो. पावसाळ्यात खारघरच्या डोंगरावरच्या वाड्यांतून बायका रानभाजी घेऊन खाली येतात. त्याही त्या सरासरीत आहेत आणि दोन ए.सी.वाल्या आम्हीही. त्यांच्या वाट्याचा धूर आम्ही केव्हाच वापरून बसलोय.

म्हणून वहिनींना दोन-तीन गोष्टी सुचवल्या. ए.सी. 18 वर न ठेवता 24 वर ठेवावा आणि जोडीला पंखा लावावा. एका अंशामागे साधारण 6 टक्के वीज वाचते. पंधरा दिवसांनी जाळी धुवावी. कपडे धुण्याचं यंत्र दुपारी, उन्हाची वीज असते तेव्हा लावावं. ओला कचरा वेगळा काढून खत करावं, कारण कचऱ्याच्या ढिगाखाली हवेविना कुजला की त्यातून मिथेन निघतो, आणि तो पहिल्या वीस वर्षांत कर्बवायूच्या ऐंशीपट तापवतो.

आमच्या इमारतीत सध्या वाद आहे तो गच्चीचा. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी 10 किलोवॅटची सौर तावदानं बसवायची म्हणतात. 2024 च्या सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान ठरलं. चांगल्या उन्हात दिवसाला चाळीसेक युनिटं मिळतील, पावसाळ्यात बरीच कमी. वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची धास्ती, खजिनदारांना पैशाची. परवाच्या सभेत तीन तास हेच चाललं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या. म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे, पण माझी वाळवणं कुठं घालू?"

सगळे हसले, पण प्रश्न खराच होता. पापड, कुरडया, सांडगे, सगळ्यांना ऊन तेच हवं. आता नकाशा नव्याने काढलाय. पूर्वेकडचा कोपरा आजींसाठी मोकळा ठेवून तावदानं आठ फूट उंच मांडवावर चढवायची. मांडवाचा खर्च वाढतोय, आणि मतदान येत्या रविवारी आहे.