गाठोड्यातली गोधडी

दिवाळीची झाडलोट निघाली की घरोघरी एक गाठोडे खाली येते. कुणाचे माळ्यावरून, कुणाचे पलंगाच्या पेटीतून. त्यात विरलेली पातळे असतात, मुलींचे आखूड झालेले फ्रॉक असतात, कॉलरीला फाटलेले सदरे असतात आणि पोलकी शिवून उरलेले वीत-वीतभर तुकडे असतात. हे सारे टाकवत नाही आणि वापरवतही नाही. चार दिवस ते घरभर पायांत येते आणि शेवटी, आता पाहुणे यायचे म्हणून, होते तसे बांधून पुन्हा वर जाते. आमच्याही घरी हा सोहळा वर्षानुवर्षे चालू होता. तो कसा मोडला ते सांगायचे, तर आधी मला माझ्या एका जुन्या अपराधाची कबुली दिली पाहिजे.

१९८८ सालची गोष्ट. थोरलीच्या वेळी मला सातवा महिना होता. सासूबाई कराडला आणि आम्ही पुण्याला दोन खोल्यांत. गावाकडच्या कुणाबरोबर त्यांनी एक गाठोडे पाठवले. आत त्यांची पाच जुनी लुगडी, स्वच्छ धुतलेली, आणि निरोप असा की, "मी आले म्हणजे बाळासाठी गोधडी शिवू. तोवर जपून ठेव."

मी तेव्हा नवी पदवीधर. कुणाच्या तरी अंगावर विटलेल्या कापडावर माझे बाळ निजणार, ही कल्पनाच मला सोसेना. दुकानात निळे ससे छापलेले एक ब्लँकेट मी हेरून ठेवले होते. त्याच आठवड्यात दारात बोहारीण आली. लुगडी पाहून ती नाक मुरडून म्हणाली, "ताई, लुगड्याला आता कोण विचारतंय? पँटी असल्या तर बघा." अखेर यांच्या दोन पँटी वर घातल्या, तेव्हा कुठे स्टीलचे एक पातेले माझ्या पदरात पडले. व्यवहार फायद्याचा झाला म्हणून मी संध्याकाळी यांना ते कौतुकाने दाखवलेसुद्धा!

बारशाला सासूबाई आल्या. हातपाय धुऊन बाळाला मांडीवर घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "गाठोडं कुठंय ग?"

मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. मग पातेले हातात घेऊन, बोटाने त्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "जड आहे. चांगलं मिळालं." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी येताना आणलेल्या तीन लुगड्यांपैकी एक फाडले आणि त्याची दोन दुपटी शिवली. पुढचे तीन आठवडे त्या दोन लुगड्यांवर राहिल्या. रात्री एक वाळत घालायचे आणि सकाळी तेच नेसायचे. सशांचे ब्लँकेट मुलीला टोचत असावे. त्यावर ठेवले की ती रडे आणि दुपट्यावर ठेवले की झोपी जाई.

यात चमत्कार काही नाही. नव्या कापडाला खळ असते आणि पीळही ताठ असतो. शंभरदा धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ कधीच गेलेली असते, धागे सैलावलेले असतात, ते घाम पितात आणि त्यांतून सुईही लोण्यातून जावी तशी जाते. गोधडीला जुने कापड घेतात ते काटकसरीसाठीच, असा माझा समज होता. तो अर्धाच खरा होता.

मला स्वतःला गोधडी शिवायची उबळ आली ती फार उशिरा, आणि पहिल्या खेपेला मी चांगलीच फसले. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून पिशवीभर चिंध्या आणल्या. त्यांत टेरिकॉट होते, अस्तराचे गुळगुळीत कापड होते, लालभडक खादीही होती. आत घालायला माझे एक नायलॉनचे पातळ घेतले. शिवताना आतला थर सारखा सरके. झाली तेव्हा ती पांघरली की घाम फुटे आणि अंथरली की गोळा होई. पहिल्या धुण्यात लालचा रंग गेला आणि सारी गोधडी गुलाबी झाली. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. गुलाबी प्रकरण उलटसुलट करून पाहत त्या एवढेच म्हणाल्या, "सुती आणि नायलॉन एका घरात नांदत नाहीत." ते पुढे गाडी पुसायला गेले.

२०१७ साली सासूबाई गेल्या. त्यांच्या ट्रंकेत तीन लुगडी राहिली: एक हिरवे इरकली, एक डाळिंबी आणि एक चंद्रकळा. डांबराच्या गोळ्या घालून आम्ही ट्रंक बंद केली आणि उघडायचे कुणी नावच काढले नाही. २०२२च्या दिवाळीच्या साफसफाईत मी धीर करून ती उघडली. इरकली उचलले आणि ते घडीवरच फसकले. सुती कापड एकाच घडीत वर्षानुवर्षे पडून राहिले की त्या रेघेवरचे धागे तुटतात. जुन्या लुगड्यांच्या घड्या वर्षाकाठी उलगडून बदलायच्या असतात, हे मला तेव्हा कळले. आम्ही जपून ठेवण्याच्या नावाखाली ते नासवत होतो.

मी वन्संना फोन केला आणि तिन्हींची गोधडी करू या म्हटले. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना.

"वहिनी, आईच्या लुगड्याला तू कात्री लावणार?"

मी जीज बेंडच्या बायकांची गोष्ट त्यांना सांगून पाहिली. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी वापरून जीर्ण झालेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या होत्या. त्यांतल्या मिझुरी पेटवे या बाईने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांचीच गोधडी केली होती. वन्संनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "त्या अमेरिकेतल्या बायकांचं मला नको सांगूस. त्यांनी बोहारणीला तर नाही ना दिली?"

चौतीस वर्षांनंतरही ते पातेले आमच्या दोघींच्या मध्ये होतेच. मी गप्प बसले.

भाऊबीजेला त्या आल्या. ओवाळणी झाली, जेवणे झाली. दुपारी मी काही न बोलता फसकलेले इरकली त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी ती रेघ बोटाने चाचपली. मग स्वतःच डाळिंबी लुगडे ओढून घेतले आणि म्हणाल्या, "कात्री नको. आई दाताने कातरून फाडायची."

वाचक भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. कात्री वाकडी जाते. काठाला जरासा कात देऊन फाडले की सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटते. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार भाग केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो आणि पन्हा चार फुटांच्या आत-बाहेर असतो. म्हणजे एका माणसाच्या गोधडीचे माप लुगड्यातच आहे; कुठे जोड द्यावा लागत नाही. चारही थर एकावर एक घातले की झाली चौघडी. आम्ही डाळिंबीचे दोन भाग वर-खाली घेतले आणि मध्ये इरकलीचे धड राहिलेले तुकडे पसरले. इरकलीचे अंग सुती पण पदर रेशमी असतो. तो धुण्यात वेगळा आटतो, म्हणून काढून ठेवला. डाळिंबीचे उरलेले दोन भाग वन्संनी आपल्या पिशवीत घातले.

खरी मेहनत शिवण्यात नाही, अंथरण्यात आहे. बैठकीतल्या खुर्च्या बाहेर काढून, फरशी कोरडी पुसून, एकेक थर हाताने आतून बाहेर सारखा करत न्यायचा. इथे राहिलेली सुरकुती जन्मभर राहते. चार कोपऱ्यांवर वजने हवीत. एकावर पाटा ठेवला, दोहोंवर पाट. चौथ्यावर काय ठेवावे म्हणून मी इकडेतिकडे पाहत होते, तोच वन्सं उठल्या आणि स्वयंपाकघरातून ते पातेले पाण्याने भरून घेऊन आल्या. "जड आहे," त्या म्हणाल्या.

मग हातभर अंतरावर मोठे टाके घालून सारे टाचून घेतले. धावदोरा काठापासून सुरू करायचा आणि चौकोनी फेऱ्या घालत मध्यापर्यंत यायचे. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच काठाकडून आत शिवत नेतात. तिच्या कोपऱ्यांना त्या रंगीत घडीचे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. दोन फेऱ्यांत पाऊण इंचाचे, म्हणजे बोटभर अंतर ठेवले की बत्तीस फेऱ्या होतात. मी हौसेने हिशेब केला तो दोरा जवळजवळ दीडशे वार भरला. इंचाला तीन टाके धरले तर पंधरा हजारांवर टाके झाले! ऐकून घाबरू नये. रोज तासभर बसले तर सव्वा महिन्यात हातावेगळे होते. दोरा जाड सुती घ्यावा, पण एका वेळी हातभराहून फार लांब ओवू नये, गुंततो. अंगुस्तान लावण्याचा आळस मी केला आणि आठवडाभर वरणभात कालवताना त्याची शिक्षा भोगली. यंत्रावर हे काम लवकर होते खरे, पण टीप घट्ट बसते आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. मला ती आवडत नाही.

आता गाठोड्यातल्या त्या वीत-वीतभर तुकड्यांचे काय? ते वरच्या थरावर, शोभेला. मात्र नवा तुकडा आधी रात्रभर पाण्यात भिजवावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि भोवतालचे जुने कापड ओढून फाडतो. रंगाचा संशय असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. फडके रंगले की त्याला गोधडीत जागा नाही. दोन्ही मुलींच्या फ्रॉकांचे, यांच्या निळ्या सदऱ्याचे, माझ्या लग्नातल्या पोलक्याचे असे सोळा चौकोन आम्ही कडा आत दुमडून मधोमध बसवले. पँटींच्या जाड कापडाच्या बाजाराच्या पिशव्या होतात. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आमच्या घरात त्याच आहेत.

धुण्याविषयी एक शब्द. कराडला नवरात्रात घट बसण्याच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर जात. चार बायका दोन टोके धरून पिळत. आमच्या तिसऱ्या मजल्यावर नदी नाही. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. ती न्हाणीघरात पायांनी तुडवावी, नुसतीच निथळू द्यावी आणि गच्चीवर दोन दोऱ्यांवर पसरून घालावी. एका दोरीवर घातली तर दोरी तुटते. आमची तुटली आणि गोधडी खालच्या मजल्यावरच्या पापडांवर पडली. तो प्रसंग इथे लिहिण्याजोगा नाही.

वन्सं चार दिवसांसाठी आल्या होत्या, त्या बारा दिवस राहिल्या. काठाकडच्या फेऱ्यांमध्ये त्यांचे टाके लांब-लांब आहेत, माझे बारीक. उसवून पुन्हा घालू का, असे मी विचारले तर म्हणाल्या, "राहू दे. आईला कळलं पाहिजे कुणाचे कुठले." मकरसंक्रांतीच्या सुमारास मी मधली फेरी पुरी केली. गोधडी आता थोरलीच्या मुलाकडे आहे. तो ती पांघरत नाही, पायाशी गोळा करून झोपतो.

चंद्रकळा मात्र आम्ही फाडली नाही. आम्ही दोघी टाचायला बसलो होतो त्या दुपारी ह्यांनी ती ट्रंकेतून उचलून नेली. हल्ली दर दिवाळीला यांच्या कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. घडी बदलली का, एवढे मी दाराबाहेरून विचारते.

"बदलली," असे आतून उत्तर येते.