अक्षराआधीचा आकडा

३६, ३८, ३२, ४७, १८, २३, ३३, ३६, १९. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘रत्नागिरी’ टाइप केले की लिनक्सच्या कर्नेलमधून, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यातून, एवढेच पुढे जाते. र म्हणजे ३६, त म्हणजे ३८, त चा पाय मोडायला ३२, मग न, काना, ग, वेलांटी, पुन्हा र आणि शेवटी दुसरी वेलांटी. प्रत्येक आकड्याबरोबर एक छोटी नोंद असते. कळ दाबली तर १, सोडली तर ०, धरून ठेवली तर २. याच कळा याच क्रमाने लंडनमध्ये कुणी इंग्रजीसाठी दाबल्या तरी कर्नेलला तेच नऊ आकडे दिसतील. कळ कोणत्या लिपीसाठी दाबली गेली याची कर्नेलला कल्पना नसते, आणि तशी ती नसावी अशीच त्याची रचना आहे.

कर्नेलच्या या अज्ञानाचा मराठीला मोठा फायदा झाला, असे मला वाटते. तो फायदा कळण्यासाठी रत्नागिरीत थोडे मागे जावे लागते.

टाइपरायटरवर अक्षर आणि कळ एकमेकांपासून वेगळी करता येत नसत. कळ दाबली की तिच्या दांडीवरचा धातूचा ठसा फितीवर आपटायचा. यंत्रावर पंचेचाळीसच्या आसपास कळा आणि प्रत्येकीवर दोन खुणा, म्हणजे सगळ्या मिळून नव्वदच्या आसपास. रोमन लिपीला एवढ्या खुणा पुरतात, आकडे आणि विरामचिन्हे घालूनही उरतात. देवनागरीच्या छापखान्यात मात्र जोडाक्षरे आणि मात्रांसकट खिळ्यांची शेकडो घरे असत. ती नव्वद खुणांत बसवण्यासाठी अक्षरे तोडावी लागली. रेमिंग्टन पद्धतीत ख, भ, ध, थ, श यांची फक्त अर्धी रूपे असतात. अर्धे रूप उमटवायचे आणि पुढे काना देऊन ते पुरे करायचे. वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, कारण कागद डावीकडून उजवीकडे भरत जातो. बोलण्याचा क्रम एक आणि बोटांचा दुसरा. ज्यांनी ही विद्या हस्तगत केली आणि कचेऱ्यांतून, कोर्टांतून तिच्यावर आयुष्य काढले, त्यांच्या कौशल्याबद्दल मला फार आदर आहे. पण त्या कौशल्याचा मोठा भाग यंत्राच्या अडचणीशी जुळवून घेण्यात खर्च होत होता, हेही खरे.

लिपी आणि यंत्र यांच्या या भांडणाशी रत्नागिरीचा संबंध जवळचा आहे. १८५६ साली इथे जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी वृत्तपत्र चालवताना देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी स्वतः योजना आखली होती. त्यानंतर १९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. अस्पृश्यतानिवारण आणि भाषाशुद्धी यांच्याबरोबर लिपिशुद्धी हाही त्यांच्या त्या वर्षांतल्या कामाचा विषय होता. छपाई आणि टंकलेखन सोपे व्हावे म्हणून अ चीच बाराखडी चालवावी, इ, ई, उ, ऊ, ए यांच्याऐवजी अि, अी, अु, अू, अे लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वरांची स्वतंत्र चिन्हे गेली की तेवढे खिळे आणि तेवढ्या कळा वाचतात. त्या काळच्या अनेक पुस्तकांत आणि नियतकालिकांत ही अक्षरे छापलेली सापडतात. सावरकरांच्या इतर विचारांबद्दल कुणाचे काहीही मत असो, या सूचनेमागचा हिशेब पक्का होता. यंत्र बदलणे हातात नव्हते, म्हणून लिपी बदलायची.

पुढे यंत्रच बदलले. आज इन्स्क्रिप्टवर सावरकरांचे ‘अि’ लिहायचे तर ४२, ३२, ३३, म्हणजे शिफ्टसह अ आणि मग वेलांटी. जुने ‘इ’ लिहायचे तर ४२ आणि ३३. कर्नेलची दोन्हीला सारखीच तयारी. कोणते लिहायचे हे आता आपण ठरवायचे, यंत्राचा त्यात काही संबंध उरलेला नाही.

मात्र लिनक्सही पहिल्यापासून असे नव्हते. लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर काढली तेव्हा तिच्यातला कीबोर्डचा भाग असेंब्ली भाषेत लिहिलेला होता आणि त्यात फिनलंडचा कळफलक पक्का बसवलेला होता. लिहिणारा हेलसिंकीचा विद्यार्थी, समोर फिनिश कीबोर्ड, तेव्हा हे साहजिकच होते. म्हणजे टाइपरायटरसारखीच स्थिती, ठशाच्या जागी प्रोग्राममधले कोष्टक आले एवढेच. पुढे ते कोष्टक बाहेरून भरता येऊ लागले. मग चेक प्रोग्रामर व्होयतेख पाव्लिक यांनी इनपुटची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीपासून साधे कीबोर्ड आणि माऊसही त्याच व्यवस्थेखाली आले. आज आपण ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एकेक भाग हाताळणारे प्रोग्राम, ‘कॉन्फिगर’ करतो ते या व्यवस्थेत.

र ची कळ घेऊ. कीबोर्ड जुन्या गोल पिनेच्या पीएस/२ जातीचा असेल, आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या, तर र दाबल्यावर तारेतून ५९ हा आकडा येतो. मदरबोर्डवरचा ८०४२ जातीचा नियंत्रक त्याचे ३६ करतो आणि प्रोसेसरला १ क्रमांकाच्या इंटरप्टने हाक मारतो. कळ सोडली की ३६ मध्ये १२८ मिळवून १६४. नियंत्रकाशी बोलणाऱ्या ड्रायव्हरचे नाव आय८०४२ आणि त्यावर बसून कळांचा अर्थ लावणारा एटीकेबीडी. यूएसबी कीबोर्ड असेल तर त्याच कळेसाठी १३ येतो, कारण यूएसबीच्या एचआयडी नियमांत ए ला ४ पासून सुरुवात आहे. हा कीबोर्ड स्वतः हाक मारत नाही. संगणकच ठरावीक मिलिसेकंदांनी त्याला विचारत राहतो. तिथे यूएसबीएचआयडी आणि एचआयडी-जेनेरिक हे ड्रायव्हर लागतात. वाट कोणतीही असो, इव्हडेव्ह नावाच्या दारातून बाहेर पडताना कळ ३६ च असते. वरच्या प्रोग्रामला कीबोर्डची जात विचारावी लागत नाही.

आता जुळणी. कर्नेल स्वतः बांधायचे तर ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ हा आदेश देतात. पडद्यावर याद्यांमागून याद्या येतात. त्यात डिव्हाइस ड्रायव्हर्स आणि त्याखाली इनपुट डिव्हाइस सपोर्ट. प्रत्येक ड्रायव्हरसमोर तीन पर्याय असतात. वाय म्हणजे कर्नेलच्या आतच, एम म्हणजे गरज पडेल तेव्हा जोडायचे मॉड्यूल, एन म्हणजे नको. नवख्याला वाटते, माझा कीबोर्ड यूएसबीचा आहे, मग एटीकेबीडी कशाला? काढून टाकू. मग बहुतेक लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड आतून त्या जुन्याच नियंत्रकामार्फत बोलतो हे कळते, तोवर पडद्यावर लॉगिन आलेले असते आणि एकही कळ चालत नाही. दुसरा प्रसंग याहून वाईट. डिस्क कूटबद्ध असेल तर संगणक सुरू होतानाच पासवर्ड मागतो. त्या वेळी डिस्कवरची मॉड्यूल्स अजून उघडलेली नसतात. यूएसबीचा ड्रायव्हर एम ठेवला आणि सुरुवातीच्या छोट्या फाइल-संचात, म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये, घातला नाही, तर पासवर्ड टाइप करायला कीबोर्ड नाही आणि कीबोर्ड जागा करायला पासवर्ड नाही. म्हणून माझे मत ठाम आहे. आय८०४२, एटीकेबीडी, यूएसबीचा यजमान ड्रायव्हर, यूएसबीएचआयडी, एचआयडी-जेनेरिक आणि इव्हडेव्ह, हे सगळे वाय ठेवावेत. दोन-चार शे किलोबाइट वाचवण्याचा हट्ट इथे करू नये.

माऊसची गोष्ट छोटी, पण तिच्यात एक मजेदार चाल आहे. पीएस/२ माऊस प्रत्येक हालचालीला तीन बाइट पाठवतो. पहिल्यात बटणे आणि दिशा, दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. चाक असलेले माऊस आले तेव्हा चौथा बाइट हवा होता, पण जुने संगणक गोंधळता कामा नयेत. म्हणून खूण ठरली. ड्रायव्हरने माऊसला त्याचा वेग २००, मग १००, मग ८० ठेवायला सांगायचे. चाकवाला माऊस ही खूण ओळखून आपली ओळख ० ऐवजी ३ सांगतो आणि तिथून चार बाइट सुरू होतात. लिनक्सचा पीएसमाऊस ड्रायव्हर आजही हेच करतो. कधी ही बोलणी फिसकटतात आणि बाण पडद्यावर उड्या मारू लागतो. तेव्हा सुरू होताना ‘पीएसमाऊस.प्रोटो=बेअर’ लिहिले की साधे तीन बाइट चालू होतात. चाक जाते, पण बाण ताळ्यावर येतो. नव्या लॅपटॉपचे टचपॅड बहुधा आय२सी तारेवर असतात. त्यांना आय२सी-एचआयडी लागतोच, शिवाय त्या चिपच्या पिना सांभाळणारा पिनकंट्रोल ड्रायव्हरही. लिनक्स टाकल्यावर टचपॅड मेले अशी तक्रार आली की हा दुसरा ड्रायव्हर आधी पाहावा.

इथवर मराठी कुठे आली? आलीच नाही, आणि तेच बरे. ती वरच्या मजल्यावर येते. मराठी घडते ती जागा एक्सकेबी नावाच्या कोष्टकांची. इतिहासामुळे तिथे प्रत्येक आकड्यात ८ मिळवतात, म्हणून आपला ३६ तिथे ४४ होतो. भारतासाठीच्या फाइलमध्ये त्या जागेसमोर र लिहिलेला असतो आणि शिफ्टसह ऱ. ही साधी मजकुराची फाइल आहे, कुणीही उघडून वाचावी, बदलावी. इन्स्क्रिप्टखेरीज तिथे मराठीसाठी ‘कगप’ही आहे. कन्नड गणक परिषदेच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत शेजारच्या राज्यातून आपल्याकडे आली.

इन्स्क्रिप्टला शासकीय मान्यता १९८६ साली मिळाली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात गेली. तिच्यामागे आयआयटी कानपूरमधले काम होते आणि त्यात मोहन तांबे हे नाव महत्त्वाचे. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम जिस्ट या नावाने तिथे वाढले. जिस्ट हे संगणकात खोचायचे कार्ड होते. रोमनसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्राममध्येही त्यामुळे देवनागरी उमटे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आणि अल्पप्राणाच्याच कळेवर शिफ्टसह महाप्राण, ही मांडणी मला फार देखणी वाटते. क वर ख, ग वर घ, त वर थ, प वर फ, ब वर भ. शाळेतली वर्णमाला बोटांखाली येते. टाइपरायटरचा उलटा क्रमही सुटला. ग आधी आणि वेलांटी नंतर, बोलतो तसे. वेलांटी डावीकडे नेऊन बसवायचे काम फॉन्ट आणि अक्षरजुळणीचा प्रोग्राम करतात.

या देखणेपणाची किंमत शिफ्टवर पडते. इंग्रजीत शिफ्ट बिघडली तर मोठी अक्षरे जातात आणि वाचणारा समजून घेतो. मराठीत ख चा क होतो, भ चा ब होतो, सगळे स्वतंत्र स्वर जातात. कोकणात लिहिणाऱ्याला तर दर्या आणि दऱ्या दोन्ही लागतात. पहिल्यासाठी २४, ३६, ३२, ५३, १८. दुसऱ्यासाठी तेच पाच आकडे, फक्त ३६ च्या वेळी ४२ धरलेला, म्हणजे डावी शिफ्ट. हा ४२ कर्नेलच्या लेखी इतरांसारखाच एक आकडा आहे, शिफ्टचा अधिकार त्याला वरच्या कोष्टकाने दिलेला असतो.

समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत धातूचे सांधे लवकर गंजतात, आणि कीबोर्डच्या आतले पातळ सांधे त्याला अपवाद नाहीत. एक कळ गेली म्हणून चांगला लॅपटॉप अडगळीत टाकणे मला पटत नाही. कर्नेल आकडेच पाहते, तेव्हा आकडा बदलून द्यावा. लिनक्समध्ये त्यासाठी यूडेव्हची हार्डवेअर-सूची असते. तिच्यात आपली एक छोटी फाइल ठेवायची. पहिल्या ओळीत कीबोर्डची ओळख लिहायची. दुसरी ओळ एक जागा सोडून सुरू करायची आणि तिच्यात ‘कीबोर्ड_की_७००३९’ बरोबर ‘लेफ्टशिफ्ट’ असे लिहायचे. ७००३९ ही यूएसबी कीबोर्डवरच्या कॅप्स लॉकची ओळख. लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डवर ती बहुधा ३ए असते. ‘सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि मग ‘यूडेव्हअ‍ॅडम ट्रिगर’ एवढे दोन आदेश दिले की मराठीत तसाही निरुपयोगी असलेला कॅप्स लॉक शिफ्टचे काम करू लागतो. कर्नेल पुन्हा बांधावे लागत नाही. नेमकी कोणती कळ मेली हे ‘इव्हटेस्ट’ चालवून कळते. दाबल्यावर आकडा उमटला नाही तर दोष तारेत किंवा सांध्यात. आकडा उमटला आणि अक्षर चुकले तर दोष वरच्या कोष्टकात. दुरुस्तीला बसणाऱ्याने पहिली पायरी हीच घ्यावी.

एका ठिकाणी मात्र कर्नेल अजून अक्षरांत अडकले आहे. चित्रमय पडदा सुरू होण्याआधी जो काळा कन्सोल दिसतो, तो कर्नेलच चालवते. त्याच्याजवळ जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे जुळवणारे काहीही नसते. छापखान्यातली जुनी अडचण तिथे अजून जिवंत आहे. त्यावरचा उपाय लिपी छाटण्याचा नाही. कन्सोलच कर्नेलबाहेर काढायचा, कीबोर्डची कोष्टके काढली तसा. केएमएसकॉन हा त्या दिशेने झालेला प्रयत्न. कळांसाठी तो एक्सकेबीचेच नियम वापरतो. अवघड भाग आहे तो एकसारख्या रुंदीच्या चौकटींत ‘त्न’ आणि ‘ऱ्या’ नीट बसवण्याचा. रत्नागिरीच्या फिनोलेक्स अकॅडमीत किंवा शासकीय तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला प्रकल्प शोधणाऱ्या मुलामुलींनी तो हाती घ्यावा असे मला मनापासून वाटते. प्रोग्राम खुला आहे, लागणारा संगणक जुना चालेल, आणि आपले काम तपासायला मराठी वाचणारी माणसे शेजारच्याच बाकावर बसलेली असतील.