ताळा जुळला, पण हिशेब पुरता परत आला काय?

केदारखेड्यासारख्या बाजारगावी कापडाचा धंदा रोखीवर कमी आणि उधारीवर जास्त चालतो. कपाशी, मका वा सोयाबीन विकले की शेतकरी बांधव पैसे आणून देतात. ही उधारी पूर्वी आम्ही लाल चोपडीत मांडत असू, आता संगणकावर टॅलीत मांडतो. सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत मुदतीची उधारी लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. तेव्हा ही चोपडी म्हणजे आमच्याकडील अमानतच.

एका पावसाळ्यात हार्डडिस्क निकामी झाली. पेनड्राइव्हवरचा बॅकअप नव्या संगणकावर रिस्टोर केला. पडद्यावर दुकानाचे नाव आले, ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळला. अल्हम्दुलिल्लाह म्हणून आम्ही उठलो. दुसऱ्या दिवशी एका वयस्क गिऱ्हाइकास बाकी सांगितली, तर त्यांनी खिशातून आमच्याच सहीची पावती काढून पुढे ठेवली. पैसे आठवड्यापूर्वीच भरलेले! बॅकअप त्याच्याही आधीचा होता. आमची मान शरमेने खाली गेली.

चूक आमच्या समजुतीत होती. प्रत्येक व्हाउचरची नावे बाजू आणि जमा बाजू सारखीच असते. व्हाउचर गहाळ झाले की दोन्हीकडून तेवढीच रक्कम जाते आणि ताळा बरोबरच दिसतो. म्हणून तपासणी चोपडीबाहेरच्या कागदाशी करावी लागते.

टॅलीत 'स्टॅटिस्टिक्स' नावाचा अहवाल आहे. विक्री, खरेदी, जमा यांची किती व्हाउचरे, खाती किती, हे त्यात दिसते. बॅकअप घेतानाच हे आकडे, शेवटच्या नोंदीची तारीख व रोख शिल्लक साध्या वहीत उतरवावी. रिस्टोरनंतर मोजलेले आकडे कशाशी ताडणार, जर आधीचे लिहिलेलेच नसतील? वर्षवार वेगळ्या कंपन्या असल्यास प्रत्येक आली की नाही हेही पाहावे. रिस्टोर मात्र रिकाम्या फोल्डरमध्येच करावे. जुन्यावर केल्यास जुने पुसले जाते.

मोठ्यांचीही हीच गत. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या परदेशी कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. नेहमीचा बॅकअप कित्येक दिवस निघतच नव्हता, हे तेव्हा कळले! सुमारे सहा तास आधीची एक प्रत हाती होती, तिच्यावर निभावले. आपल्याकडे त्याच वर्षी संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी ताडण्यासाठी गावोगाव चावडी वाचन झाले.

आम्हीही मग चावडी वाचनच केले म्हणा ना! पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती, बँकेचे पासबुक आणि पोर्टलवर भरलेला जीएसटीआर-1 घेऊन मुलासह दोन रात्री बसलो. एक जण वाची, दुसरा पडद्यावर शोधी. चौदा पावत्या अशा निघाल्या की ज्यांचा टॅलीत पत्ताच नव्हता. त्यातील पहिली नोंद त्या वयस्क गिऱ्हाइकांची केली आणि उतारा त्यांच्या घरी नेऊन दिला.